खाद्यातील बुरशी आणि हळदीचा उतारा

गेल्या काही वर्षांत कोंबड्यांच्या खाद्याच्या बाजारात एका नव्या मालाने चांगलेच बस्तान बसविले आहे. हळद, भुईआवळा, माका, कुटकी, पुनर्नवा, शरपुंखा अशा वनस्पतींची पूड किंवा अर्क असलेल्या पिशव्या तालुक्याच्या गावी पशुऔषधांच्या दुकानांत आता सहज दिसतात. यकृताचे रक्षण, वजनात वाढ, बुरशीच्या विषावर खात्रीचा उतारा अशी आश्वासने त्यांच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेली असतात. ह्या मालाला गिऱ्हाईक मिळाले ह्यात नवल नाही. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून पक्ष्यांची वाढ व्हावी एवढ्यासाठीच प्रतिजैविके खाद्यात मिसळण्यावर बंदी घातली. भारत सरकारनेही जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांकरिता कोलिस्टिन ह्या प्रतिजैविकाचे उत्पादन, विक्री व वापर बंद केला. एक जागा रिकामी होऊ लागली आणि ती भरून काढण्यास वनौषधी पुढे आल्या. शिवाय हळदीविषयी अविश्वास बाळगावा असे मराठी माणसाला स्वप्नातही वाटणार नाही. कापले, खरचटले, घसा बसला की जी वस्तू घरात प्रथम आठवते, ती कोंबडीला अपायकारक कशी असेल?

अपायाचा प्रश्न नाहीच. ह्या वनस्पती कितपत गुणकारी आहेत हे पशुवैद्यकाने सांगावे. परंतु त्या कोणाच्या खर्चाने वापरल्या जातात आणि त्या वापरल्याने कोणाची जबाबदारी हलकी होते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. आणि तो फारसा कोणी विचारताना दिसत नाही.

न मरणारा पक्षी

ज्या विषावर हा उतारा शोधला जात आहे, त्याची ओळख जगाला पक्ष्यांमुळेच झाली. १९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांच्या अवधीत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मृत्युमुखी पडले. कारण उमगेना, म्हणून त्या रोगाला ‘टर्की एक्स’ असे नाव देण्यात आले. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर संशय स्थिरावला, आणि त्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस ह्या बुरशीने निर्माण केलेले विष सापडले. बुरशीच्या नावातील अक्षरे जोडूनच त्या विषाचे ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव सिद्ध झाले.

भारताला त्याची ओळख अधिक क्रूर रीतीने झाली. १९७४ च्या पावसाळ्यानंतर गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा ह्या लगतच्या जिल्ह्यांत दीडशेहून अधिक खेड्यांत काविळीची साथ पसरली. तिचे ३९७ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील १०६ दगावले. ही साथ एका माणसाकडून दुसऱ्याला होणारी नव्हती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा माग काढला तेव्हा तो अवेळी पावसात भिजलेल्या मक्यापर्यंत गेला. त्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन होते. तोच मका खाणारी घरातली कुत्रीही मेली. दाणे बुरसटले आहेत हे त्या आदिवासी कुटुंबांना दिसत नव्हते असे नाही. टाकून देण्याची ऐपत नव्हती.

आज कोंबडीच्या खाद्यात सर्वाधिक वाटा ह्याच मक्याचा असतो. साधारणतः निम्म्याहून अधिक. उरलेल्यात मुख्यतः सोयापेंड. भारतीय मानक ब्यूरोच्या कुक्कुटखाद्याविषयीच्या मानकात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा दर अब्ज भागांत २० भाग अशी आहे. एका टन खाद्यात फार तर २० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही न मावणारी गोष्ट. पंचमहालाच्या मक्यात ह्याच्या कित्येक शेपट विष होते हे लक्षात घेतले म्हणजे मानकाचा कडकपणा ध्यानात येतो.

बदकाची पिल्ले आणि टर्की ह्या विषाला चटकन बळी पडतात. ब्रॉयलर कोंबडी त्यामानाने चिवट असते. ती मरत नाही, आणि खरी अडचण हीच आहे. मेलेला पक्षी दिसतो, मोजता येतो, त्याचा पंचनामा होतो. थोड्या विषाचे खाद्य खाऊन जगलेल्या पक्ष्याचे यकृत मात्र पिवळट, फुगीर आणि ठिसूळ होते. खाल्लेले अंगी लागत नाही. राणीखेत किंवा गंबोरोची लस टोचूनही शरीर तिला पुरेसा प्रतिसाद देत नाही. लस फुकट गेली की रोग शिरतो, रोग शिरला की पुन्हा प्रतिजैविकांची बाटली उघडली जाते. प्रतिजैविकांचा वापर आटोक्यात आणण्याच्या गोष्टी एकीकडे व्हाव्यात आणि दुसरीकडे त्यांची गरज निर्माण करणारे खाद्य गोण्यांतून येत राहावे, असा हा प्रकार आहे.

खाणाऱ्याच्या मनात साहजिकच शंका येईल. तिचे उत्तर असे, की कोंबडीच्या मांसात ह्या विषाचा अंश फारच थोडा उतरतो; यकृतात, म्हणजे कलेजीत, त्याहून अधिक. दुधाळ जनावराच्या खाद्यातील विष दुधात ज्या प्रमाणात उतरते, त्या मानाने हा धोका लहान आहे. तथापि अफ्लाटॉक्सिन हे माणसात यकृताचा कर्करोग निर्माण करणारे म्हणून सिद्ध झालेले द्रव्य आहे. त्यामुळे ते अन्नसाखळीत जितके कमी शिरेल तितके बरे, ह्याविषयी दुमत नसावे.

पन्नासपट विष आणि चिमूटभर हळद

वनौषधींच्या बाजूने काही पुरावा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडावयास हवा. अफ्लाटॉक्सिन पोटातून रक्तात आणि तेथून यकृतात गेल्यावर तेथील विकरे त्याचे अधिक जहाल रूपात परिवर्तन करतात. ते रूप पेशींतील प्रथिनांना व जनुकद्रव्याला चिकटते. हळदीतील कर्क्युमिन किंवा सिलिमॅरिनसारखी द्रव्ये ह्या प्रक्रियेत आडवी येतात, यकृताची विष निकामी करण्याची स्वतःची शक्ती टिकवितात, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. मिसुरी विद्यापीठात डॉ. एन. के. एस. गौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग ह्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. ब्रॉयलर पिल्लांच्या खाद्यात किलोमागे १ मिलिग्रॅम विष, म्हणजे आपल्या मानकाच्या पन्नासपट, मिसळण्यात आले आणि त्याबरोबर अर्धा टक्का हळदपूड देण्यात आली. काही पिल्लांना हळदीच्या जोडीला विष शोषून घेणारी एक विशिष्ट खनिज मातीही दिली गेली. अशा मातीचा उपयोग १९८८ पासून शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. हळदीने यकृताची हानी कमी झाली, मातीची जोड मिळाल्यावर आणखी कमी झाली. नाहीशी मात्र झाली नाही.

येथे दोन गोष्टी जाहिरातींत हमखास गळतात. माती विषाला आतड्यातच धरून ठेवते आणि विष्ठेवाटे बाहेर नेते. हळद तसे करीत नाही. विष शरीरात शिरल्यावर ती यकृताच्या मदतीला धावते. दोन्ही कामे भिन्न आहेत. दुसरी गोष्ट मात्रेची. अर्धा टक्का हळद म्हणजे टनामागे ५ किलो. बाजारातील मिश्रणांच्या वेष्टनावर मात्र टनामागे अर्धा किलो किंवा एक किलो अशी मात्रा सर्रास आढळते, आणि त्यातही पाचसात वनस्पतींचे वाटे. अर्क असेल तर कमी मात्राही पुरू शकेल, हे मान्य. पण मग त्या अर्कात गुणद्रव्य किती टक्के आहे हे छापण्यास हरकत का असावी? मिसुरीच्या प्रयोगात हळदीतील कर्क्युमिन मोजून घेतले होते. आपल्याकडील कित्येक पिशव्यांवर वनस्पतींची लॅटिन नावे असतात, आकडे नसतात.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ ह्यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. मालाचा कस विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो, तेव्हा चांगला माल बाजारातून हळूहळू हद्दपार होतो. कारण चांगल्या मालाला वाईटाहून अधिक किंमत देण्यास गिऱ्हाइकाजवळ कारणच उरत नाही. वनौषधींच्या पिशव्यांचा बाजार हे त्याचे जिवंत उदाहरण आहे. मोजूनमापून अर्क काढणाऱ्या उत्पादकाचा खर्च अधिक; पालापाचोळा दळून भरणाऱ्याचा कमी; आणि दुकानाच्या फळीवर दोघांची पिशवी सारखीच हिरवी. आणखी एक विपरीत गोष्ट अशी, की उघड्यावर अर्धवट वाळविलेल्या वनस्पतींवरही बुरशी धरते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत मसाल्यांसाठीही अफ्लाटॉक्सिनची मर्यादा घालून दिलेली आहे, ती उगीच नव्हे. उताऱ्यातच विष निघणे अगदीच अशक्य नाही.

नुकसान कोणाच्या खात्यावर?

ब्रॉयलरचा व्यवसाय आज बहुतांशी कराराने चालतो. कंपनी एक दिवसाची पिल्ले, खाद्य, औषधे आणि देखरेख पुरविते. शेतकरी शेड, पाणी, वीज, खाली पसरावयाचे भाताचे तूस आणि घरादाराची मेहनत घालतो. पाचसहा आठवड्यांनी पक्षी कंपनी उचलते आणि शेतकऱ्याला किलोमागे ठरलेला संगोपनाचा मोबदला मिळतो. हा मोबदला मात्र स्थिर नसतो. किलोभर वजन तयार होण्यास किती खाद्य लागले, म्हणजे ज्याला शेडवर सगळे ‘एफसीआर’ म्हणतात, त्यावर तो वरखाली होतो. खाद्य कमी लागले तर बक्षीस, अधिक लागले तर कपात.

उदाहरणादाखल ५,००० पक्ष्यांचा एक लॉट घेऊ. प्रत्येकी सव्वादोन किलोच्या आसपास, म्हणजे २.२ किलो वजन धरले तर एकूण ११,००० किलो. चांगल्या खाद्यावर किलोमागे १.६५ किलो खाद्य लागले, तर एकूण १८,१५० किलो. बुरसटलेल्या मक्याच्या खाद्यावर हेच प्रमाण १.७५ झाले, तर १९,२५० किलो. फरक ११०० किलोंचा. खाद्याचा दर किलोला ४० रुपये धरला तर ४४,००० रुपये. आता मोबदला किलोला ७ रुपये धरला तर त्या शेतकऱ्याचे संपूर्ण लॉटचे उत्पन्न ७७,००० रुपये होते. करारागणिक कपातीचे सूत्र निराळे असते हे खरे. परंतु वाढीव खर्चाचा निम्मा भाग जरी त्याच्या माथी आला, तरी २२,००० रुपये गेले. चौथाईहून अधिक उत्पन्न. शेडसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता आणि विजेचे बिल ह्यांत कपात होत नसते.

त्याने खाद्य निवडले नाही, मका विकत घेतला नाही, सूत्र ठरविले नाही. गोण्या उतरवून घेण्यापलीकडे त्या खाद्याशी त्याचा संबंध नाही. तरीही त्या खाद्याच्या दोषाचा काही भार त्याच्या मोबदल्यातून वसूल होतो, आणि दोष सिद्ध करण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. कारण खाल्लेले खाद्य पुराव्यासाठी शिल्लक राहत नाही. वजन का भरले नाही ह्याचे उत्तर मग व्यवस्थापनात शोधले जाते. तूस ओले होते, पडदे वेळेवर सोडले नाहीत, पाण्याची भांडी धुतली नव्हती. ही कारणेही खरी असू शकतात, म्हणूनच ती सोयीची पडतात.

वनौषधीची पिशवी नेमकी येथे कामाला येते. यकृताचे औषध दिले होते, असे म्हटले की खाद्याचा प्रश्न औषधाच्या रकान्यात सरकतो. जेथे औषधांचा खर्च उत्पादनखर्चात धरून मोबदला ठरविला जातो, तेथे तर एकाने पुरविलेल्या विषावर दुसऱ्याने उताऱ्याचे पैसे मोजावेत असा हिशेब तयार होतो.

कंपन्यांच्या बाजूचा युक्तिवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पक्षी कंपनीच्या मालकीचे असतात, वाईट खाद्याने तिचेच अधिक नुकसान होते, मग ती जाणूनबुजून बुरसटलेला मका कशाला घेईल? मोठ्या कंपन्या मक्याची तपासणी करूनच गाड्या आत घेतात, असेही सांगितले जाते. आणि त्यांपैकी कित्येक खरोखरच तसे करीतही असतील. परंतु कमीतकमी खर्चाचे खाद्यसूत्र आता संगणक काढून देतो. त्या गणितात ऊर्जेला किंमत असते, प्रथिनाला असते. थोड्याशा विषाला नसते. टनामागे दोनशे रुपयांनी स्वस्त मिळालेला मका हा आजचा निश्चित लाभ आहे, तर त्यातून होणारे नुकसान शेकडो शेडांत विखुरलेले, अंशतः दुसऱ्याच्या खात्यावर पडणारे आणि कधीच सिद्ध न होणारे असते. लाखो पक्ष्यांच्या सरासरीत कंपनीचे बुडालेले चार पैसे भरून निघतात. एका शेडच्या मालकाला सरासरी नसते. जोखीम आवरण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती, त्याच्याच माथी ती ठेवावी हे करारशास्त्राचे जुने तत्त्व येथे उलटे झाले आहे.

मूळ खळ्यावर

बुरशी शेडमध्ये जन्मत नाही. खरिपाचा मका सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, आणि परतीचा पाऊस नेमका त्याच सुमारास येतो. कापणीच्या वेळी दाण्यात २० टक्के व त्याहूनही अधिक ओलावा असू शकतो. तो १४ टक्क्यांच्या खाली आल्यावाचून मका साठवणे धोक्याचे. किमान आधारभूत किमतीने खरेदी करतानाही ओलाव्याची हीच मर्यादा लावली जाते. शेतकऱ्याजवळ वाळवणयंत्र नसते, डांबरी रस्त्याची कडा असते. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर ह्या पट्ट्यातून जाणाऱ्या प्रवाशाने दिवाळीच्या सुमारास ती पिवळी किनार पाहिली असेल. ओला मका विकला तर भाव पडतो, वाळवावा तर देणेकरी थांबत नाहीत. मग ओला आणि कोरडा एकत्र होतो, आणि पोत्यांच्या थप्पीत बुरशीला हवी ती ऊब आणि ओल मिळते. सांगलीजवळ हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, ती हळदीच्या औषधी गुणामुळे नव्हे. ती वाळवूनच आत घातली जाई आणि आत हवा-पाणी शिरत नसे, म्हणून. २००५ च्या महापुराचे पाणी त्या पेवांत शिरले तेव्हा गुण काही कामी आला नाही.

त्यात आता इंधनाची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०३० वरून २०२५-२६ वर आणले. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे असा दर मिळाला, आणि भट्ट्यांनी मका उचलण्यास सुरुवात केली. मका उत्पादकाला चार पैसे अधिक मिळाले, ह्याचे स्वागतच करावयास हवे. परंतु खाद्य कारखान्यांना मका महाग झाला आणि त्याबरोबर भट्टीतून उरलेला सुका चोथा, डीडीजीएस ह्या नावाने, स्वस्त प्रथिन म्हणून खाद्यात येऊ लागला. दाण्यातील पिष्ट, म्हणजे सुमारे दोनतृतीयांश भाग, मद्यार्कात जातो. उरलेल्या तिसऱ्या हिश्शात प्रथिने, तेल, तंतू सारेच दाट होते. विषही दाट होते, जवळपास तिप्पट. आंबवण्याने आणि उकळण्याने ते नष्ट होत नाही. मूळ मक्यात १० भाग असले, तर चोथ्यात ३० भाग होण्याची शक्यता. खराब, खाण्यास अयोग्य धान्य भट्टीला द्यावे हा सल्ला ऐकावयास शहाणपणाचा वाटतो. चोथा कोठे जातो हे पाहिले म्हणजे त्यातील धोका कळतो.

ह्यावर उपाय नाही असे नाही, आणि तो महागडाही नाही. बाजार समितीच्या दारात ओलावामापक ठेवून ओलाव्याप्रमाणे उघड दर पुकारला गेला, तर वाळविण्याचे श्रम घेणाऱ्याला त्याचे मोल मिळेल. आज दाणा दाताखाली फोडून ठरणाऱ्या भावात ते हमखास मिळतेच असे नाही. समितीच्या आवारात भाड्याने मिळणारी वाळवणयंत्रे हा त्याच्या पुढचा टप्पा. गोणीवर मात्र आकडा आजच छापता येईल: ह्या खाद्यात अफ्लाटॉक्सिन किती, तपासणी कोणत्या तारखेची, भट्टीचा चोथा किती टक्के. मानक ब्यूरोची मानके मुळात ऐच्छिक असतात. शासनाने वेगळा आदेश काढल्यावाचून ती बंधनकारक होत नाहीत. तसा आदेश निघावयास हवा. वनौषधीच्या पिशवीलाही तोच न्याय. गुणद्रव्याची टक्केवारी, मात्रा आणि ती मात्रा कोणत्या प्रयोगाने सिद्ध झाली, एवढे छापल्यावाचून ‘विषावर उतारा’ हे शब्द वापरण्यास मुभा असू नये. ज्या उत्पादकांचा माल खरोखर कसाचा आहे, त्यांचे ह्यात कल्याणच आहे.

करारात एका कलमाची भर सर्वांत निकडीची. गाडी शेडवर उतरताना दोन्ही पक्षांसमक्ष नमुना घ्यावा, तो दोन पाकिटांत मोहोरबंद करावा आणि एक पाकीट लॉट विकला जाईपर्यंत शेतकऱ्याजवळ राहावे. नमुना एका गोणीतील मूठभर नसावा; हे विष साऱ्या खाद्यात सारखे पसरलेले नसते, शेकडो निर्मळ दाण्यांत एखादाच जहाल दाणा असू शकतो. अनेक गोण्यांतून थोडेथोडे काढून, एकत्र दळून, मग त्यातून भाग घ्यावा लागतो. दहा टन खाद्याची किंमत चार लाखांच्या घरात जाते. तिच्यापुढे हा खटाटोप नगण्य आहे. कायद्याची चौकट नव्याने शोधावयास नको. केंद्राने २०१८ मध्ये तयार केलेल्या करारशेतीच्या आदर्श मसुद्यात पशुधनाचा समावेश होता आणि तमिळनाडूने २०१९ मध्ये शेतमालाबरोबर पशुधनालाही लागू होणारा असा कायदा केला. महाराष्ट्राला त्यात नमुन्याचे हे कलम घालून पुढे जाता येईल.

मोहोरबंद पाकीट तपासणार कोण, असा प्रश्न निघेल. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर येथे आहेत. त्यांच्यापैकी दोनतीन ठिकाणी अशा तपासणीची मान्यताप्राप्त सोय करून तेथील निकाल दोघांवरही बंधनकारक मानावा. तपासणीचा खर्च नमुना मर्यादेबाहेर निघाला तर कंपनीने सोसावा आणि त्या लॉटपुरती एफसीआरची कपात रद्द व्हावी. नमुना निर्दोष निघाला तर खर्च शेतकऱ्याने द्यावा. ह्या अटीमुळे उगीच तक्रार करणाराही दोनदा विचार करील आणि स्वस्त मक्याची गाडी आत घेणाराही.